एका बरणीतले दोघं

चार जण बसले की आमच्या हुमनाबादकडच्या कॉलेजचे किस्से निघतात. लोक हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतंय!

मी बायलॉजी शिकवायचो. लॅबमध्ये एक कपाट, त्यात नमुन्यांच्या दोन बरण्या. एकीत सॅलॅमंडर, दार्जिलिंगकडचा, पालीसारखा दिसणारा. तिकडंबी संपत आलेला. दुसरीत सरगॅसम, म्हणजे समुद्रावर तरंगणारं तपकिरी शेवाळ. आमचे प्रिन्सिपॉल हिस्ट्रीचे. बघून म्हणले, "मास्तर, ही पाल मेली की! नवी धरून आणा, आमच्या घरी ढीगभर हायत!"

"सर, ही पाल न्हाई."

"मग कामून तशी दिसायलीय?"

कपाळ माझं!

*

इन्स्पेक्शनच्या दिवशी कपाट उघडलं तर एकच बरणी. सॅलॅमंडर शेवाळात गुंडाळलेला! दुसऱ्या बरणीत प्लास्टिकची फुलं घालून प्रिन्सिपॉलसायबांनी ती आपल्या टेबलावर ठेवलेली. मी भडकलो, "सर, तो प्राणी हाय, ते शेवाळ हाय!"

"दोन्ही पाण्यातलेच न्हवं? भांडायलेत का आपसात?"

स्टाफरूममध्ये सांगितलं तर मॅथ्सचे अण्णा म्हणले, "जमली की जोडी!" सगळे खो खो हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

*

सायन्सला मुलगी एकच, निर्णा गावची सुमन. हुशार पोर. एकदा तिचे अप्पा आले. "पास झाली तर शिकू देतो. नापास झाली तर वैशाखात लग्न उरकतो. पाहुणे बघून ठेवलेत."

मी म्हटलं, "सुमनला विचारलं का?"

"पोरीला काय इचारायचं असतंय, सर?"

असा संताप आला! पण बाप तिचा तो.

*

प्रॅक्टिकलला बाहेरचे एक्झामिनर. अप्पा दाराशीच बाकड्यावर बसलेले. एक्झामिनरनं सुमनला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् ती बरणीच उचलली. "सांग, या दोघांत फरक काय?"

मी म्हटलं, "सर, हे सिलॅबसमध्ये न्हाई!"

"तुमच्या कपाटात हाय की! तुम्ही गप बसा."

सुमन घाबरली न्हाई. "सर, ह्यो प्राणी. आपली थंड जागा सोडून दुसरीकडं जगत न्हाई, म्हणून संपत आलाय. हे शेवाळ. ह्याला बूड न्हाई. वारं नेईल तिकडं जातंय, तिथंच वाढतंय."

एक्झामिनर चिडले. "व्हय? मग दोघं एका बरणीत कसे?"

सुमननं दाराकडं बघितलं.

"लग्न लावलंय, सर. दोघांनाबी कुणी इचारलं न्हाई."