टीव्हीवर दिलेला शब्द

आमचा मामा छातीच्या रोगांचा डॉक्टर. सरकारी इस्पितळात पेशंटच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचा आणि एकदा बसला की उठायचं नाव घ्यायचा नाही. मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांचे पाय भरून यायचे. ते त्याला 'बैठक डॉक्टर' म्हणत. आईला हे कळलं तेव्हा तिची हसून पुरेवाट झाली. घरी तिचा दादा जेवणाच्या ताटावरही धड टिकत नसे.

इस्पितळाचा प्रमुख होणं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आधीचे प्रमुख निवृत्त झाले, खुर्चीवरून दोन सर्जनांची जुंपली, आणि हा कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणून त्याला बसवलं. पण त्यानं काम मनावर घेतलं. कित्येक वर्षं बंद असलेली लिफ्ट चालू झाली, ऑक्सिजनची पाइपलाइन सगळ्या वॉर्डांत पोचली. या सगळ्या कामात इस्पितळातल्या मुख्य नर्स, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, त्याच्या पाठीशी होत्या. त्यांच्याशी वाद घातल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे.

पुढे सरकारनं त्याला आरोग्य सल्लागार म्हणून बोलावलं. तो कां-कू करायला लागला तेव्हा सिस्टरच म्हणाल्या, "जा. तिथे आपलं माणूस हवंच."

दोन वर्षं बरी गेली. मग बंदराकडच्या वस्तीत फुप्फुसांत उतरणारा ताप सुरू झाला. मामानं आरोग्यमंत्र्यांना स्पष्ट सांगितलं, "हा श्वासातून पसरतोय. बंदर बंद करा, आणि इस्पितळांना आजच्या आज मास्क पाठवा."

"मास्क यायला आठवडा लागेल," मंत्री म्हणाले. "तोवर लोक घाबरले तर काय करू? तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. तेवढं सांभाळून घ्या."

मामानं विचार केला, आज अडून बसलो तर उद्या मला आत कोण घेणार? आणि आत नसलो तर मास्कसाठी भांडणार कोण? त्या दुपारी तो मंत्र्यांशेजारी उभा राहिला आणि सगळ्या देशानं पाहिलं, तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "काळजीचं कारण नाही."

मास्क आले तोवर त्याच्याच इस्पितळातल्या नर्सेस खाटांवर पडल्या होत्या. मोठ्या सिस्टरही. तो धावत गेला, स्टूल ओढून बसला. सिस्टरांना धाप लागली होती.

"पोरी घाबरल्या होत्या हो," त्या म्हणाल्या. "घरी जातो म्हणत होत्या. मी म्हटलं, आपले डॉक्टर टीव्हीवर सांगतायत ना, मग कशाला भिता? तुम्हाला माहीत नव्हतं ना तेव्हा?"

मामा सलाइनची नळी नीट करू लागला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्यांच्या यजमानांचं शिंप्याचं दुकान होतं. मामा भेटायला गेला तेव्हा ते मशीनवर बसले होते. त्यांनी उठून पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली.

"तिनं तुम्हाला शेवटपर्यंत दोष दिला नाही," ते म्हणाले. "पण मी देतो. पाणी प्या आणि जा."

त्यानं सल्लागारपद सोडलं. सरकारनं नेमलेल्या चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही; उलट मामाच्या सेवेचं कौतुक झालं.

मग तो इस्पितळात गेला आणि साधी ओपीडी मागितली. नवे प्रमुख त्याचेच विद्यार्थी. ते खाली बघत म्हणाले, "सर, तुम्ही बसलात तर नर्सेस कामावर येणार नाहीत. मी विचारून पाहिलं."

आता तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या दवाखान्यात बसतो. परवा त्याचा डबा घेऊन मी तिथे गेले होते. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. मामानं नवऱ्याची छाती पुढून-मागून नीट तपासली, औषध लिहून दिलं.

"बरे होतील ना हो डॉक्टर?" बाईंनी विचारलं.

मला वाटलं, आता तो हो म्हणेल. साधा खोकला तर होता.

"सांगता येत नाही," मामा म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. बाहेर पडताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चला, दुसऱ्याला दाखवू." मामानं ते ऐकलं. डबा उघडून त्यानं माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "तू खा. मला भूक नाही."