अस्वल नव्हतं ते

मैत्रिणीचा नवरा गेला तेव्हा मी तिला चांगलं चार पानी पत्र लिहिलं. मी कथा लिहिणारी बाई, मला दुसरं काय येणार? आम्ही दोघींनी रामनगरला एकाच शाळेत शिकवत उमेदीची वर्षं काढली होती, त्यामुळे आमच्यात आडपडदा नव्हता. आठवड्याभरानं तिचा फोन आला. म्हणाली, "शब्द नको पाठवू बाई. सगळेच पाठवाय लागल्यात. तुझे तर नकोच. तू चांगलं लिहितेस, आणि मला आता चांगलं वाचवत न्हाई."

मग मी पोस्टातून कोरी कार्डं आणली. एका बाजूला तिचा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला काळ्या शाईच्या नुसत्या रेघा. त्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. चित्रकला मी कधी शिकलेली नाही. मनात जे साठलं असेल ते बोरूनं उतरवायचं आणि इथं, कॅसलरॉकच्या पोस्टाच्या पेटीत टाकायचं. ती तेव्हा कुंभारवाड्याच्या बाजूला, सासरच्या शेतावर राहायला गेली होती. कार्ड मिळालं की फोन करायची. "पोचलं हां," एवढंच म्हणायची आणि मग भाताचं, गुरांचं बोलणं निघायचं.

ते "पोचलं" मला पुरे व्हायचं. माझ्या पुस्तकांवर लोकांनी बरंवाईट लिहिलं, पण इतकं नीट माझं कुणी ऐकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. असं वर्षानुवर्षं चाललं.

आईला बेळगावच्या दवाखान्यातून परत आणलं, त्या दिवशीही मी कार्ड काढलं. डॉक्टर म्हणाले होते, आता घरीच ठेवा. गाडीत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खानापूर मागं पडल्यावर तिनं विचारलं, "बरी झाले म्हणूनच सोडलं न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." घरी तिला झोप लागली तशी मी बोरू घेऊन बसले. काळ्यावर काळं देत गेले, कार्ड ओलं होऊन फुगेपर्यंत. खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ तेवढी बाहेर निघाली, पण कडेपर्यंत गेली नाही. आईला काय सांगितलं ते मी कुणालाच बोलले नाही. मैत्रिणीला मात्र सांगितलं, असं मी धरून चालले होते.

गेल्या थंडीत पुण्याचं एक जोडपं माझं घर शोधत आलं. मैत्रिणीच्या मुलानं शेतावर होमस्टे काढलाय, तिथं चार दिवस राहून ते गाडी पकडायला कॅसलरॉकला आले होते. मी चहा टाकला. बाईंनी पर्समधून जाड, गुळगुळीत कागदाची काही कार्डं काढली आणि म्हणाल्या, "तुम्ही चित्रंही काढता, माहीत नव्हतं. एकावर सही द्याल?"

सगळ्यात वर तेच कार्ड होतं. काळ्यावरचं काळंसुद्धा वेगळं दिसत होतं, इतकी सुरेख छपाई. मागं माझं नाव, खाली "लेखिकेची अमूर्त रेखाटने" आणि त्याच्याखाली चित्राचं नाव: अस्वल.

मी सही दिली. दारी आलेल्या माणसांना काय सांगणार? दुधाचं भांडं उतू गेलं ते त्या बाईंनीच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी जीपनं रामनगर, तिथून जोयड्याची बस आणि पुढं पुन्हा जीप. मैत्रीण अंगणात सुपारी निवडत बसली होती. मला बघून तिला खराच आनंद झाला.

"अगं, कळवायचं न्हाईस व्हय? मासे तरी आणले असते."

मी कार्ड तिच्या पुढ्यात ठेवलं. "हे काय केलंस?"

"बघितलंस? कसली झक्क आलीत! एक चित्रकार पाव्हणे आले होते गोव्याचे, त्यांना लईच आवडली. त्यांनीच करून दिली. तुला देणारच होते गं, सगळा संच."

"मला विचारायचं तरी."

"तुझं नाव घातलंय की. मी कुठं माझी म्हणून सांगितली?"

"नावाचं नाही म्हणत मी. पत्रं होती ती. तुला लिहिलेली."

ती हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "पत्रं? एक तरी शब्द हाय का त्यात?"

मी त्या काळ्यावर बोट ठेवलं. "आणि हे अस्वल?"

"नाव पायजे म्हणाले ते. पाव्हण्यांना जंगलातलं कायतरी लागतंय. काळं हाय, म्हणून अस्वल. दुसऱ्या एकाला धनेश म्हटलंय, चोच दिसते म्हणून."

"तुला काय वाटायचं गं, मी पाठवायचे तेव्हा?"

सुपारीवरचा तिचा हात थांबला. खोटं बोलायची सवय तिला कधीच नव्हती. "खरं सांगू? मला कायबी कळायचं न्हाई. पण कार्ड आलं की बरं वाटायचं. माझी आठवण हाय कुणाला तरी, असं."

"मग पोचलं म्हणायचीस ते?"

"पोचायचंच की. पोस्टमन आणून द्यायचा."

मी जेवून निघाले. न जेवता निघाले असते तर तिनं रस्ता अडवला असता. मूळ कार्डं मागितली तेव्हा तिनं खळखळ न करता वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. दोन कमी होती, ती पाहुण्यांच्या खोलीत फ्रेम करून लावली होती. एका फ्रेमच्या खिळ्याला कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत होता. ती दोन मी तशीच राहू दिली.

घरी येऊन सगळी जाजमावर पसरली. काही कुठल्या दिवसाची ते मलाच आठवेना, आणि काळ्यात तर आता मलाही अस्वल दिसायला लागलं होतं, पाठ करून बसलेलं. त्याचा मला जितका राग आला तितका तिचाही आला नाही.

त्यानंतर मी कार्ड काढलेलं नाही. तिनं कारण विचारलं नाही; तिच्या लक्षात आलंय की नाही, तेही मला माहीत नाही. रविवारी फोन मात्र येतो. "बरी हाईस न्हवं?" ती विचारते, आणि मी बरी आहे म्हणते. परवा बेळगावला जाऊन आले, काखेतली गाठ काढायची ठरलीय. भाचीला सांगून झालंय, शेजारणीलाही सांगितलंय. तिला अजून नाही.