पाठ करून उभं राहणं

पुरुषांच्या वॉर्डात मी बावीस वर्षं काढली. "झाली का लघवी? किती झाली?" असं मी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ओरडून विचारायची, आणि बिचारे म्हातारे पांघरुणातूनच "झाली, सिस्टर" म्हणायचे. मला त्यात काहीच वावगं वाटत नसे. वॉर्ड कायम भरलेला, हात अपुरे. एकेकाची लाज सांभाळत बसले तर काम कधी उरकायचं? आणि लाजण्यासारखं आहे काय त्यात, असं माझं ठाम मत होतं.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते बंदरावर जाळं शिवत बसले होते. उजवी बाजू गेली, वाचा अडखळत का होईना, राहिली. बाबा मिरकरवाड्यातले जुने तांडेल, अख्खी होडी त्यांच्या शब्दावर चालायची. आई जाऊन सात वर्षं झालेली, मी लग्न केलेलं नाही, तेव्हा घरात आम्ही दोघंच. मी लांबलचक रजा टाकली. म्हटलं, बघाच आता, असा बाप सांभाळते की डॉक्टरांनी तोंडात बोट घालावं.

घराचा मी वॉर्ड करून टाकला. गादीवर रबरी शीट, खाटेखाली बेडपॅन. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने आखले: पाणी आत किती गेलं, लघवी बाहेर किती आली. दर दोन तासांनी भांडं घेऊन मी हजर. "चला बाबा, करा." आणि समोर उभी. बाबा वर कौलांकडे बघत राहायचे.

"नाय येत गो."

"येईल. माझ्यापुढे कसली लाज? रोज चाळीस जणांचं करते मी!"

हे मी त्यांना धीर यावा म्हणून बोलायची. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

पंधरा दिवसांत कॅलेंडरवर आतला रकाना भरलेला आणि बाहेरचा जवळजवळ रिकामा. जी काही लघवी व्हायची ती गडद, उग्र वासाची. पोट पाच-पाच दिवस साफ होत नव्हतं. शेवटी एनिमा दिला, तेव्हा त्यांनी धड असलेल्या हाताने तोंडावर टॉवेल ओढून घेतला, तो संध्याकाळपर्यंत काढलाच नाही. मी डाफरले, "पाणी पीत जा हो बाबा! मूत्रपिंडं जातील, जिवावर बेतेल!" खरंच, सगळं त्या पाण्यावर होतं. ते म्हणायचे, "प्यालो ना."

एके दिवशी मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला गेले, तर त्यांच्या खिडकीखालचा चिरा ओलाचिंब. ऐन मे महिन्यात! उभी राहून बघितलं, तर खिडकीतून डावा हात बाहेर आला आणि पेला हळूच उपडा झाला.

माझं डोकंच फिरलं. आत जाऊन मी ओरडले, "मला फसवता? मी काय परकी आहे?" बाबा रडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी पेला पुन्हा भरला आणि समोर उभी राहून घोट घोट करून पाजला.

दोन दिवसांनी खलाशी काका आले. बाबांच्या होडीवर त्यांनी तीस वर्षं काढलेली. माझी चहाची गडबड चालली होती, तेवढ्यात बाबा त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

"भांडं दे गो बाय इकडं," काका म्हणाले. त्यांनी ते बाबांच्या हाताशी दिलं, वर चादर ओढली आणि सरळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला म्हणाले, "तू पण फिर तिकडं." मी फिरले. आणि काका भिंतीला सांगू लागले, चांगल्या खणखणीत आवाजात, "तांडेल, बांगडा म्हणशील तर यंदा औषधाला नाय! म्हाकूल तेवढा बरा लागतोय..." पाठीमागे आवाज आला. बराच वेळ येत राहिला. काकांनी आपला आवाज आणखी चढवला.

जाताना दारात मी त्यांना विचारलं, हे काय होतं?

"होडीवर कुठला गो आडोसा? कडेला धरून उभं रव्हायचं. एक गेला की बाकीच्यांनी पाठ करायची, आणि मोठ्यानं बोलत रव्हायचं. कोण नवखा बघत रव्हला तर तांडेल कानाखाली काढायचा." चपला घालता घालता ते म्हणाले, "तुझाच बाबा."

मी दार लावून घेतलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. बावीस वर्षं मी सगळ्यांकडे बघत उभी राहिले होते.

त्या दिवसापासून मीही पाठ करायला लागले. मासळीतलं मला काय कळतंय! म्हणून मग मेट्रनला शिव्या घालायची, शेजारच्या बोक्याच्या चोऱ्या सांगायची, मोठमोठ्याने. मागून एकदा बाबांचं हसूही ऐकू आलं. त्यांनी आपणहून पाणी मागायला सुरुवात केली. लघवीचा रंग निवळला. कॅलेंडर मी उतरवून ठेवलं.

असे अकरा दिवस मिळाले. मग हुडहुडी भरून ताप आला. जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता; आधीपासूनच मुरलेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. कधीपासूनचा ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर बाबांना ठेवलं, नळी घातली, पिशवी लावली. चौथ्या दिवशी दुपारी ते गेले.

नळी काढायला नवी सिस्टर पुढे आली. मी म्हटलं, थांब, मी काढते. पडदा ओढून घेतला. "पाठ करा," मी म्हणाले. ती वळली. बाबांपाशी रोज येऊन बसणारे काका आधीच वळून उभे होते. नळीच्या फुग्यातलं पाणी सिरिंजने ओढून घ्यावं लागतं, मग नळी सावकाश बाहेर काढावी लागते. न बघता ते होत नाही. तेव्हा मी एकटी बघत होते.

भिंतीकडे तोंड करून काका बोलत होते, "तांडेल, बांगडा आज... बांगडा..."

"बोला हो काका," मी म्हटलं, "बाबांचं अजून व्हायचंय."