लोहाऱ्याची स्लाइड

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं असलं काही माझ्यासमोर बोलायची सोय नाही. मी रक्ताच्या आजारांचं निदान शिकवणारी प्राध्यापक. विद्यार्थी माझ्या माघारी मला ‘पुरावा मॅडम’ म्हणतात, आणि खरं सांगू? मला ते आवडतं.

या पेशात आले ती आईमुळं. मी नऊ वर्षांची असताना ती आमच्या गावी, बेंबळीत, वारली. पांढरीफटक पडलेली, जीभ लालभडक, चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही. “अंगात रगतच न्हाय,” एवढंच सगळे म्हणाले. तपासलं कुणीच नाही. मी डॉक्टर झाल्यापासून आण्णा, म्हणजे माझे वडील, दर सुट्टीला विचारायचे, “माय, तुझ्या आईला नेमकं काय झालतं गं?” मला अंदाज होता. पण अंदाज म्हणजे निदान नव्हे! जगाचं रक्त पाहिलं, आणि जिचं बघायचं होतं तिचा एक थेंब नाही... फार जीव तुटायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी लोहाऱ्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियनचं प्रशिक्षण घ्यायला, म्हणजे त्यांना शिकवायला, गेले होते. सकाळचे अकरा, खिडकीतून लख्ख ऊन. नेहमीसारखी स्वतःच्याच बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर पसरला, त्यावर माझं नाव कोरलं, रंग दिला, मायक्रोस्कोपखाली ठेवला.

तांबड्या पेशी अवाढव्य, लांबट. पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला तीन-चार पाकळ्या असतात, इथं सहा-सहा, सात-सात! बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वाची पराकोटीची कमतरता. आईबद्दल माझा अंदाज होता, तोच आजार.

तिथले टेक्निशियन माने यांना म्हटलं, “बघा जरा.”

“अगं बाबौ! मॅडम, तुमी उभ्या कशा हाव? लई खराब हाय की हे!”

त्याच बोटातून दुसरी स्लाइड केली. ठणठणीत! हिमोग्लोबिन तेरा. पुढं बी-ट्वेल्व्हही तपासलं, उत्तम. अदलाबदल म्हणाल, तर तोवर दुसऱ्या कुणाचं बोट टोचलंच नव्हतं. रंगाचा दोष म्हणाल, तर रंगानं पाकळ्या वाढत नाहीत हो.

सगळे चहाला गेले. मी पहिली स्लाइड पुन्हा लावली. “किती सोसलंस गं आई,” म्हणाले आणि ढसाढसा रडले. बघून मन भरेना. औषध तेव्हाही होतं. चार-दोन इंजेक्शनं, बस्स... वाचली असती.

स्लाइड माझ्या कपाटात आहे, अजून तशीच. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. आजवर बोलले नाही ते आण्णांमुळं. गेल्या महिन्यात तेही गेले.

त्या दिवशी लोहाऱ्याहून तडक बेंबळी गाठली होती. “आण्णा, कळलं,” मी म्हणाले आणि आजाराचं नाव सांगितलं. कसं कळलं, हे त्यांनी विचारलंच नाही.

“औषध व्हतं का गं तवा?”

“नव्हतं, आण्णा. कुठंच नव्हतं.” उभ्या जन्मात दिलेला एकमेव खोटा रिपोर्ट.

 आण्णा म्हणाले, “मला आपलं वाटायचं, म्याच तिला दवाखान्यात न्यायला गाडी जुपायला उशीर केला.”