डब्यांची रांग

परवा जालन्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. तरुण वक्त्याने पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा दाखवला. जिथे बँका वाढल्या, कारखाने आले, तिथे विजेच्या वापराचा रंग गडद. आमचा भोकरदन-जाफराबादचा पट्टा फिकट. "तिकडे विजेला मागणीच नाही," तो म्हणाला.

मी उभा राहिलो. म्हातारपणी राग आवरत नाही म्हणतात. हा मला आवरायचाही नव्हता.

निवृत्तीपूर्वी मी त्याच पट्ट्यातल्या टेंभुर्णीत बँकेचा मॅनेजर होतो. शाखेसमोर पिठाची गिरणी होती; तिच्या मालकांना सगळं गाव चाचा म्हणे. लाइट कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून बायका धान्याचे डबे रांगेत ठेवून शेतात जात. प्रत्येक डब्याच्या कडीला ओळखीसाठी आपल्या लुगड्याची चिंधी. ही रांग गिरणीच्या ओट्यावरून आमच्या पायरीपर्यंत येई. मी रोज ती ओलांडून आत जायचो. मागणी यापेक्षा वेगळी दिसते कशी?

चाचांना मिरची कांडप आणि तेलघाणा टाकायचा होता, त्यासाठी त्यांनी कर्ज मागितलं. मी म्हणालो, आधी या यंत्रांपुरतं वाढीव वीज कनेक्शन दाखवा. वीज कार्यालय म्हणालं, आधी बँकेची मंजुरी दाखवा.

"सायब," चाचा म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडं धाडता, ते तुमच्याकडं. चपला झिजून गेल्या माझ्या. घाणा काय चपलांवर चालवू?"

मी हसलो आणि त्यांच्या अर्जावर 'पुरेसा व्यवसाय नाही' असा शेरा मारला. त्याच बायकांच्या ठेवी मात्र जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यांना कर्ज म्हणून गेल्या. तिथे कनेक्शनचा कागद आधी कुणी मागितला नाही. कर्जाच्या मागोमाग तारा धावत गेल्या. त्या गडद रंगात टेंभुर्णीचा पैसा आहे, आणि फिकट रंगाखाली माझी सही.

हे सगळं मी सभेत सांगितलं. "काका, हा भावनिक मुद्दा झाला," वक्ता म्हणाला. लोक हसले. भावनिक! ज्वारीने गच्च भरलेले डबे भावनिक?

दुसऱ्या दिवशी एसटीने टेंभुर्णी गाठली. लाइट गेलेली. चाचा ओट्यावर बसलेले, समोर रांग तशीच. पत्र्याच्या डब्यांत आता प्लास्टिकचेही मिसळलेले. मी सभेची हकीकत सांगितली, माझ्या शेऱ्याचीही.

"शेऱ्याचं मला तवाच कळलं होतं," ते म्हणाले. "पन सायब, तिथं रिकाम्या हातानं गेल्ते का? डबे न्यायचे ना. त्याच्या पडद्यासमोर बराबर लाइनीनं ठेवायचे अन् म्हणायचं, लाइट येईस्तोवर हलवू नका."

त्या वक्त्याचं पुढचं व्याख्यान कुठे आहे, याची मी चौकशी केली आहे.