रोलरवरचं लिंबू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. दाजींचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, राहणार धावडा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझी फी दाजींनी भरली. परीक्षेला त्यांनी मोटारसायकलवर नेऊन सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली बसून राहिले. पेपर कसा गेला हे त्यांनी कधीच विचारलं नाही. "जेवला का?" एवढंच विचारत.

ती शंभर सीसीची गाडी गेल्या उन्हाळ्यात जाम झाली. ऑइल संपलेलं दाजींच्या लक्षात आलं नाही, पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला. दाजींनी ती ढकलत आणून गोठ्यात उभी केली. नेमकी तीच जागा आक्काला कडबा कापायच्या कुट्टी मशीनसाठी हवी होती.

"दिवाळीपर्यंत सोताच्या चाकावर चालली तर ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाली. "न्हाईतर भंगारवाला आला की देऊन टाकते."

आक्का बोलते ते करते. दाजींनी गाडीवर एक चांगलं पोतं शोधून टाकलं.

मी आता नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी करतो. त्याच सुमारास इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं स्पर्धा जाहीर केली. जुन्या मोटारसायकलचं इंजिन आपल्या हातानं बांधायचं आणि त्याची ताकद डायनोवर मोजायची. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी रोलर. त्यावर गाडीचं मागचं चाक ठेवून गाडी जागेवरच पळवायची. चाक रोलरला जेवढ्या जोरात फिरवेल, तेवढे हॉर्सपॉवर कॉम्प्युटरवर दिसतात. मी दाजींना विचारलं.

"ने," ते म्हणाले. "घोडे किती निघतेत ते निघू दे. पण माघारी टेम्पोत घालून आणू नको."

आमची टीम तिघांची. शाळेपासूनचा माझा एक मित्र स्टेशनजवळ गॅरेज चालवतो, तो मुख्य. दुसरा बँकेतला कॅशियर. त्यानं आयुष्यात कधी पाना धरला नव्हता, पण इंजिनांचे व्हिडिओ इतके पाहिले होते की बोलताना हात आपोआप घट्ट-सैल होत. तिसरा मी. माझ्याकडं बोल्ट डिझेलमध्ये धुण्याचं काम होतं.

"बीएस्सी, नीट धू," गॅरेजवाला म्हणायचा. "तुझी केमिस्ट्री हितंच कामाला येऊन राह्यली."

सिलिंडर लेथवर आतून मोठा करून आणला, त्यात नवा पिस्टन बसवला. मग कॅशियर म्हणाला की इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून पातळ केलं की दाब वाढतो आणि ताकदही वाढते.

"किती घासायचं?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

कॅशियरनं चिमूट दाखवली. "व्हिडिओतल्या माणसानं एवढं दाखवलं होतं."

"त्याची बोटं बारीक असतील. तुझी बघ. बराबर माप सांग."

"तिथंच नेट गेलं."

"मंग हेडबी तिथंच थांबलं," असं म्हणून गॅरेजवाल्यानं अंदाजानं घासलं. अंदाज चुकला. हेड जास्त पातळ झालं आणि पहिल्यांदा किक मारली तेव्हा ती इतक्या जोरात उलटी आली की गॅरेजवाला आठवडाभर लंगडत होता. मग खाली एक जादा पॅकिंग टाकून आम्ही दाब परत कमी केला. कॅशियर त्याला 'ट्यूनिंग' म्हणत होता.

एका दुपारी इंजिन सुरू झालं. मी दाजींना फोन लावून मोबाइल सायलेन्सरजवळ धरला.

"कोणाची गाडी हाय?" दाजींनी विचारलं.

"आपलीच, दाजी."

"बरं, ठीक," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दाजींचे सगळे फोन असेच संपतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुधाच्या टेम्पोबरोबर त्यांनी एक पिशवी पाठवली. नारळ, हळदकुंकू, अगरबत्ती आणि एक टपोरं रसाळ लिंबू. मागून फोनही आला. "नवं इंजिन हाय. मागच्या चाकाखाली लिंबू ठिव. फुटलं पाहिजे बरं का. बरं, ठीक."

स्पर्धेच्या दिवशी गाडी डायनोवर चढवली, पट्ट्यांनी करकचून बांधली. हळदकुंकू झालं, नारळ बाहेर जाऊन फोडला. मग मी परीक्षक सरांसमोर लिंबू धरलं.

"हे कुठं ठेवणार?"

"चाकाखाली, सर."

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. "मीही कार घेतली तेव्हा ठेवलं होतं," ते हळूच म्हणाले. "ठेवा. पण पुढच्या चाकाखाली."

ते कॉम्प्युटरकडं वळले. मी पुढच्या चाकाकडं पाहिलं. ते तर बांधलेलं, जागचं हलणार नव्हतं.

"हितं काय फुटतंय," गॅरेजवाला म्हणाला. "तुझ्या दाजींना काय सांगणार मंग? लिंबू बसून होतं?"

मला ते लागलं. मी लिंबू उचललं आणि मागचं चाक रोलरला टेकतं तिथं ठेवलं. गॅरेजवाल्यानं गिअर टाकला. चाक फिरलं, लिंबू छान फुटलं. आम्ही तिघांनी हात जोडले.

मग त्यानं रेस वाढवली. इंजिन किंचाळायला लागलं. चाक रसावर आणि बियांवर गरागरा फिरत होतं, खालचा रोलर मात्र जेवण झालेल्या माणसासारखा रमतगमत चालला होता. सरांच्या शर्टावर शिंतोडे उडाले. सगळ्या हॉलला सरबताचा वास सुटला. पडद्यावर आकडा आला, दोन.

"दोन घोडे," सर म्हणाले.

"त्यातला एक आजारी दिसतो," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"व्हिडिओत असं नव्हतं," कॅशियर म्हणाला.

माझं हसण्याकडं लक्ष नव्हतं. बोजाशिवाय इतकं किंचाळल्यावर नवा पिस्टन पुन्हा चिकटला असेल, तर गाडी टेम्पोतून सरळ भंगारात जाणार होती. गॅरेजवाल्यानं इंजिन बंद केलं. गिअर काढून किक हातानं हळूच दाबली. ती खाली गेली. त्यानं पुन्हा दाबली.

"मोकळं हाय," तो म्हणाला. मी साबण आणायला पळालो.

रोलर आणि टायर साबणानं धुतले, मग साबण जावा म्हणून पाण्यानं, मग पाणी जावं म्हणून कॅशियरच्या रुमालानं पुसले. सरांनी दुसरी संधी दिली. या वेळी आकडा सहाच्या जरा खाली थांबला. आमच्या खाली एकच टीम होती, आणि त्यांची गाडी सुरूच झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती दाजींना चिठ्ठी पाठवली.

"दाजी, पाया पडतो. फोनवर तुम्ही पूर्ण ऐकत नाही, म्हणून लिहितो. नंबर आला नाही. गाडीतून सहाला थोडे कमी घोडे निघाले. लिंबू मागच्या चाकाखालीच फुटलं. त्यामुळं पहिल्या वेळी दोनच दिसले, पण त्यात तुमची चूक नाही. रोलर लोखंडाचा गुळगुळीत असतो हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

गाडी शाबूत आहे. येत्या रविवारी मी ती चालवत आणतो. ही ओळ आक्काला मोठ्यानं वाचून दाखवा. आवाज जरा भारी झालाय, तो तसाच राहणार. पिस्टन रुळेपर्यंत दुधाच्या दोन्ही किटल्या लादू नका, एकच न्या. ऑइल मी दर महिन्याला येऊन बघीन. तुम्ही बघितलं असं सांगितलं तरी बघीन.

तुमच्यामुळं मी शिकलो. समोर बोलायला गेलो की तुम्ही म्हशीला पाणी पाजायला उठता, म्हणून हेही इथंच लिहितो.

कुट्टीचं मशीन गोठ्यात बसवलं असेल तर बाहेर काढू नका. आक्काला ते लागतं. भिंतीकडं सरकवलं की दोन्ही मावतील. जड आहे, आक्काला एकटीला ओढू देऊ नका. मी आलो की आपण दोघं सरकवू."