आभारांच्या यादीतलं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्यातल्या भावाला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सुरुवात कुठून करू? गाण्यांपासून करतो. तिथून थोडं सोपं जाईल.

मी बावन्न वर्षांचा आहे, बहारीनमध्ये सित्राजवळच्या एका कंपनीत इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळात गणपतीची आरती मी सांगतो, आणि हेडफोन लावून बसलो की मी नाट्यगीतं ऐकतोय असं मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला वाटतं. मी ऐकतो ते वेगळंच. स्पेनच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, ओसारिओ दे साल नावाचा एक बँड आहे. अर्थ — मिठाचं अस्थिघर. खाणकामगारांची चार मुलं. ड्रम असे की शिवणयंत्र अंगावर धावून यावं, गिटार करवतीसारखी, आणि गाणारा गातच नाही. विहिरीत पडलेल्या माणसासारखा ओरडतो. या संगीताला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. पहिला अल्बम त्यांनी एका गॅरेजात रेकॉर्ड केला, त्यात मधेच कुत्रं भुंकतं. दुसऱ्यापर्यंत त्यांना मधेच थांबणं जमायला लागलं, आणि त्या थांबण्यांची मला ओरडण्याहून जास्त भीती वाटायची. तिसऱ्यानंतर ते युरोपभर लहानलहान हॉलमधून वाजवत फिरले. मग चौथा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

मला हे का आवडतं? मी लहानपणापासून भित्रा आहे. साहेबाचा फोन आला की मी खुर्चीतून उठून उभा राहतो. त्या माणसाचं ओरडणं कानात शिरलं की वाटतं, आपल्या वाटचंही कुणीतरी ओरडून घेतंय.

पण त्या रेकॉर्डांची कव्हरं! बोकडाचं डोकं, उलटे क्रूस, कवट्या. परक्या देशात, कंपनीच्या व्हिसावर जगणाऱ्या माणसाच्या नावावर असलं काही यावं? मंडळात कळलं तर?

इथे टपाल घरी येत नाही, ऑफिसच्या पोस्टबॉक्सवर येतं. आमच्या ऑफिसची रीत अशी होती की अधिकाऱ्यांच्या नावाचं सगळं टपाल आधी मॅनेजरच्या टेबलावर जायचं. तिथे शिक्का पडला की मग ज्याचं त्याला. कारकुनांचं टपाल म्हणजे घरची पत्रं. ती कोण कशाला बघणार? ती इक्बाल परकार थेट हातात द्यायचा.

इक्बाल टपाल आणणारा कारकून, मंडणगडकडचा. ऑफिसात नमाजासाठी एक खोली होती आणि दुपारच्या नमाजाला बाकीच्यांच्या पुढे तोच उभा राहायचा. कुराण पाठ असलेला, पण हसरा माणूस. एकदा त्याला म्हटलं, "इक्बालभाई, स्पेनहून माझ्या गिटारच्या रेकॉर्डी यायच्या आहेत. तुमच्या नावावर मागवू? मॅनेजरला उगाच चौकशा."

"मागवा की पेठेसाहेब," तो म्हणाला. "गिटारीचं वावडं नाही आपल्याला. फक्त एक दिवस ऐकवा."

गिटारच होती ना त्यात? तेवढं खरंच होतं — मी स्वतःला असंच सांगत आलो.

तीन वर्षं पार्सलं येत राहिली. "साहेब, तुमची गिटार आली," म्हणत तो माझ्या टेबलावर ठेवायचा. कधी ऐकवली नाही मी. पुढे त्यांच्या गिटारवाल्याला पत्रंही लिहायला लागलो. तो उत्तर द्यायचा. सही मी करायचो: आय. परकार, बहारीन.

चौथ्या अल्बमचं पार्सल फाटून आलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोस्टातून आलं तेच एका बाजूने उसवलेलं, आणि ऑफिसच्या दारात इक्बालच्या हातून रेकॉर्ड घसरून फरशीवर पडली. मॅनेजर तिथेच उभा होता. त्याने उचलली. मी चार पावलांवर, हातात चहाचा कप.

"ये तुम्हारा है?"

इक्बालने कव्हराकडे पाहिलं. बोकड, आग, जळणारं एक देऊळ की चर्च. त्याने ते तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "साब, नाम मेरा है."

एवढंच. मी गप्प राहिलो.

दुपारी काचेतून मला नमाजाची खोली दिसत होती. इक्बाल पुढे जाऊन उभा राहिला. मागे कुणीच आलं नाही. लोक दाराशी चपला काढून तसेच थांबले. थोड्या वेळाने एक म्हातारा फोरमन आत गेला, इक्बालच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि त्याच्या जागी स्वतः उभा राहिला. इक्बाल सर्वांत मागच्या रांगेत गेला. मी काच सोडली नाही. का सोडली नाही? मला वाटतं, मी बघत होतो की तो कुणाला काही सांगतो का.

त्याने सांगितलं नाही. त्या महिन्यात संपणारा त्याचा व्हिसा कंपनीने वाढवला नाही. निघताना सगळ्यांना भेटून गेला. मला म्हणाला, "खलास, साहेब. तब्येतीला जपा."

इथे थांबता आलं असतं तर भित्रेपणा म्हणून मी हे खपवलंही असतं. पण पुढचंही आहे. इक्बाल गेला आणि त्याचं नाव मी ठेवून घेतलं. बँडच्या ड्रमरचं आजारपण, त्याचं जाणं, मग गिटारवाल्याने एकेक ईमेल लिहून काढलेली बारा वर्षं. या सगळ्याला मी त्याच नावाने उत्तरं देत राहिलो. ड्रमर गेला तेव्हा मी लिहिलं, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करेन." खाली आय. परकार. ज्याच्यामागे प्रार्थनेला उभं राहायला कुणी तयार नव्हतं, त्याचं नाव.

इक्बालची मुलगी तस्नीम दीड वर्षापूर्वी इथे आली. एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. "काही लागलं तर पेठेसाहेबांकडे जा," म्हणून तिला आमचा पत्ता अब्बांनीच दिला. शुक्रवारी ती जेवायला यायची. सुट्टीवरून परतताना अब्बांनी पाठवलेली आमसुलं आणायची. मंजिरी तिच्यावर जीव टाकते. "आमच्या पोरांना मराठीत हाक मारली तर इंग्रजीत ओ देतात," मंजिरी म्हणायची, "ही बघा, भांडतेसुद्धा मराठीत!" आणि दर शुक्रवारी दाराची बेल वाजली की मी आधी तिचा चेहरा बघायचो. आज कळेल? आज?

एकदा जेवताना तिनेच सांगितलं होतं. गावात अब्बांच्या आधी त्यांची बातमी पोचली. शाळेत मुली तिला चिडवायच्या — सैतानाची गाणी ऐकणाऱ्याची पोर. "अब्बा एवढंच म्हणाले, ते पार्सल माझं नव्हतं. मग कुणाचं होतं, ते कधीच बोलले नाहीत. पण माझा विश्वास आहे, काकू. त्यांच्यावर तो ठेवणारी मी एकटीच असेन." मंजिरीने तिच्या पानात भात वाढला. मी पाणी प्यायलो.

आता नवा अल्बम आला आहे. बारा वर्षांनी. बोकड नाही, क्रूस नाहीत. कव्हरवर खाणकामगाराचा जेवणाचा डबा, उघडा आणि रिकामा. गाणी संथ झाली आहेत. शेवटच्या गाण्यात ड्रम नाहीतच, जिथे ते वाजायला हवेत तिथे नुसती जागा सोडली आहे. त्यांचं याहून चांगलं काम मी ऐकलेलं नाही. आणि आतल्या पानावर, आभारांच्या यादीत, आमच्या सर्वांत जुन्या मित्रांना, म्हणून पाच नावं. तिसरं: आय. परकार, बहारीन.

ती यादी बँडने इंटरनेटवरही टाकली.

तस्नीम अब्बांना इथे भेटीला आणणार होती. व्हिसाचा फॉर्म भरण्याआधी तिने सहज त्यांचं नाव आणि बहारीन शोधून पाहिलं — जुनं काही आडवं येऊ नये म्हणून. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी तिने चहाच्या कपांमध्ये फोन ठेवला. त्यावर ती यादी होती.

"काका, तुम्ही तेव्हा तिथे होता. खरं सांगा. हे अब्बाच ना?"

मंजिरी स्वयंपाकघरात होती. नळ चालू होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "खूप वर्षं झाली गं. मला नीट आठवत नाही."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. "म्हणजे ते पार्सल त्यांचंच होतं," ती म्हणाली. चहा तसाच राहिला. त्यानंतर ती आलेली नाही. फॉर्म भरलेला नाही, एवढं मंजिरीकडून कळलं. "बापलेकीत काहीतरी बिनसलंय हो," मंजिरी म्हणाली, "अब्बांचा फोनसुद्धा उचलत नाही ती. तुम्ही बोला ना तिच्याशी, तुमचं ऐकेल."

अनोळखी माणसासाठी म्हणून लिहायला घेतलं होतं, पण इथवर लिहून झाल्यावर ती चार पानं मंजिरीच्या हातात दिली आणि बाहेर येऊन हे पाचवं लिहायला बसलो. तिचं वाचून झालं की ती पानं तस्नीमकडे जातील, आणि तस्नीमकडून मंडणगडला. आतून आवाज येतो आहे. ती एकेक पान टेबलावर उलटं ठेवते. दोन झाली. आता तिसरं.

त्या पानांत एका ठिकाणी मी खोटं लिहिलं आहे. मी गप्प राहिलो, असं लिहिलं. इक्बालने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी खाली पाहिलं नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली — अगदी थोडी, इकडून तिकडे. सांगू नकोस.

त्याने सांगितलं नाही.

चौथं पान ठेवल्याचा आवाज आला. हे पाचवं घेऊन मी आत जातो.